बाथरूमचा दिवा: आधी काय बघायचं आणि शेवटी काय घ्यायचं

"दादा, बाथरूमसाठी एक बल्ब द्या."
"किती वॅटचा?"

दुकानात बहुतेकांची गाडी इथेच चुकते. वॅटवरून दिवा किती वीज खातो ते कळतं. तो किती उजेड देईल, आरशासमोर चेहरा नीट दिसेल का, गीझरच्या वाफेत किती दिवस टिकेल, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. नाशिकमध्ये मी घरगुती वायरिंगची कामं करतो. एलईडी लावूनही घरात अंधार आहे, दर पावसाळ्यात दिवा जातो, या दोन तक्रारी मला सतत ऐकायला मिळतात. दिवा वाईट होता असं फार कमी वेळा निघतं. बहुतेक वेळा तो आधी घेतलेला असतो आणि विचार नंतर केलेला असतो.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. दिवा विकत घेणं सहाव्या पायरीवर आहे. त्याआधी दुकानाची पायरी चढायची नाही.

## तयारी: एक संध्याकाळ आणि एक आठवडा

मोजपट्टी, कागद, पेन, टॉर्च असलेला मोबाइल आणि टेस्टर एवढंच लागतं. रात्री बाथरूमचा दिवा लावून दारातून एक आणि आरशासमोर उभं राहून एक असे दोन फोटो काढून ठेवा. नवा दिवा लागल्यावर याच जागांवरून पुन्हा फोटो काढायचे आहेत.

मग एका कागदावर बाथरूमची लांबी-रुंदी, छताची उंची, दाराची बाजू, शॉवर, नळ, कमोड, बेसिन आणि खिडकी दाखवणारा साधा नकाशा काढा. छताची उंची अंदाजाने लिहू नका, पट्टी लावून मोजा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमवर माळा असतो. बाहेरच्या खोलीचं छत साडेनऊ फुटांवर असलं तरी बाथरूममध्ये ते सात-सव्वासात फुटांवर येतं. उंच माणसाने शॅम्पूचे फेस आलेले हात वर केले की ते थेट दिव्याला लागतात. या एका मापावर पुढचे बरेच निर्णय ठरतात.

शेवटचं म्हणजे आठवडाभराची नोंद. कोणत्या बाथरूमचा दिवा दिवसाला साधारण किती तास चालू असतो ते लिहा. अंबड किंवा सातपूरला पहिल्या पाळीला जाणारं कोणी घरात असेल तर पहाटे पाचला दिवा लागतो. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे शाळेच्या मुलांच्या आंघोळीही दिव्यातच होतात. आतल्या बाजूचं, डक्टकडे तोंड असलेलं बाथरूम तर भर दुपारीही दिवा मागतं. पैसे आधी त्या बाथरूमवर घाला.

## पायरी १: पाणी कुठवर उडतं ते बघा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि सगळ्यात महाग पडते ती हीच.

घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की लगेच आत जाऊन भिंती बघा. ओली फरशी कुठे संपते, टाइल्सवर थेंब किती उंचीपर्यंत आहेत, दाराच्या आतल्या बाजूला शिंतोडे आहेत का, हे नकाशावर पेन्सिलीने रेघ मारून दाखवा. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या घरात पाणी बहुधा कमरेच्या खाली राहतं. शॉवरच्या घरात ते डोक्याच्या वर जातं. आणि कमोडशेजारी जेट स्प्रे असेल, त्यातून घरात लहान मूल असेल, तर पाणी कुठेही जाऊ शकतं असंच धरून चाला.

आता नकाशावर तीन पट्टे पाडा.

पहिला पट्टा थेट शॉवरखालच्या जागेचा. फरशीपासून सव्वादोन मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात फूट उंचीपर्यंत तो धरायचा. दुसरा त्याला लागून ६० सेंटिमीटरचा, साधारण दोन फुटांचा. त्यापलीकडची जागा तिसऱ्यात. माळ्यामुळे छत सात फुटांवर आलं असेल तर शॉवरवरचं छतसुद्धा पहिल्याच पट्ट्यात मोडतं, हे लक्षात ठेवा.

दिव्याच्या फिटिंगवर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ आणि किड्यांपासून बचावाचा, दुसरा पाण्यापासून बचावाचा. दुसऱ्या जागी ४ असेल तर चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याची धार चालते. पहिल्या पट्ट्यात आयपी ६५ घ्या. दुसऱ्यात निदान आयपी ४४ हवं. तिसऱ्यात साधं आयपी २० चालेल असं पुष्कळ जण सांगतात. पण आपली बाथरूम लहान, खिडकी थंडीत बंद आणि वाफ सगळीकडे पोचते. तिथेही मी बंद फिटिंगच लावतो.

सावधान: आयपीचा आकडा संपूर्ण फिटिंगचा असतो, आत लावलेल्या बल्बचा नव्हे. चांगल्यातला चांगला बल्ब उघड्या अँगल होल्डरला लावला तरी होल्डरच्या पितळी पिना वाफेने हिरव्या पडतातच. मग पिना सैल होतात, ठिणगी पडते, होल्डर काळा होतो आणि आपण म्हणतो बल्ब गेला.

इंदिरानगरमधल्या एका घरात काकूंनी दोन वर्षांत तिसऱ्यांदा कन्सील्ड, म्हणजे छतात भोक पाडून बसवलेला, दिवा बदलायला बोलावलं होतं. छत माळ्याचं, हात पोचेल एवढ्या उंचीचं. दिव्याभोवती पीओपीवर चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ पडलेलं. क्लिपा दाबून दिवा खाली ओढला तर चमचाभर पाणी माझ्या तळव्यावर पडलं. वर कुठे गळती नव्हती. थंडीत गरम पाण्याची वाफ दिव्याच्या कडेच्या फटीतून वरच्या पोकळीत जात होती आणि गार स्लॅबला लागून तिथेच तिचं पाणी होत होतं. ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या डबीच्या, तारांची टोकं हिरवीगार झाली होती. काकूंनी तिन्ही वेळा चांगल्या नावाचा दिवा आणला होता, पण आयपीचा आकडा एकाही खोक्यावर नव्हता. ते भोक बंद करून भिंतीवर दाराच्या वरच्या बाजूला रबरी कडीचा बल्कहेड, म्हणजे काचेचं झाकण असलेलं बंद फिटिंग, लावला. तो अजून चालू आहे.

तपासा: बाथरूमची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळून झटका बसण्याचा धोका झाला की लाइन तोडणाऱ्या स्विचवर, आहे का? असेल तर त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, लाइन लगेच पडली पाहिजे. पडली नाही तर दिव्याचं सगळं बाजूला ठेवून आधी तो बदलून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनलाही हे संरक्षण मिळतं का, हे वायरमनला स्पष्ट विचारा. पुष्कळ घरांत बाथरूमचा दिवा इन्व्हर्टरवर असतो आणि ती लाइन आरसीसीबीला बगल देऊन गेलेली असते.

## पायरी २: फुकटचा उजेड आधी घ्या

व्हेंटिलेटरच्या काचा एक-एक काढून धुवा. दहा वर्षांचा साबण, धूळ आणि क्षार निघाल्यावर कित्येकांना दिवसा दिवा लावायची गरजच राहत नाही. आडोशासाठी काचेला गडद कागद किंवा जुनी रंगीत फिल्म चिकटवलेली असेल तर ती काढून दुधी फिल्म लावा. आतलं दिसत नाही, उजेड येतो. छत पांढरं करा. जुन्या नाशकात, पंचवटीत वाड्यांच्या न्हाणीघरांना काळ्या दगडाची फरशी आणि एखादा झरोका असतो. तिथे छताला आणि भिंतीच्या वरच्या भागाला पांढरा रंग दिला तरी अर्धं काम होतं.

विजेचा हिशोबही इथेच करून टाकू, म्हणजे अपेक्षा नेमक्या राहतील. दिवा रोज ४ तास चालतो असं धरलं, तर वर्षाला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब ८७.६ युनिट खातो, १५ वॅटचा सीएफएल २१.९ युनिट आणि ९ वॅटचा एलईडी १३.१ युनिट. जुनी चार फुटी ट्यूब चोकसकट ५० वॅट धरली तर ७३ युनिट होतात. म्हणजे पिवळा बल्ब किंवा चोकची ट्यूब असेल तर ती बदलाच. चालू सीएफएल मात्र मुद्दाम फेकायची घाई नको. तो जाईल तेव्हा एलईडी लावा.

आणि गीझर विसरू नका. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा १११ तास जळतो. दिव्यातली बचत खरी आहे, पण गीझर तासभर तसाच चालू ठेवणाऱ्या घरात महावितरणच्या बिलावर ती दिसणार नाही.

## पायरी ३: उजेड ल्युमेनमध्ये ठरवा

उजेडाचं माप ल्युमेन. खोक्यावर ते छापलेलं असतं, पण वॅटपेक्षा लहान अक्षरांत.

माझा साधा हिशोब असा: बाथरूमचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा आणि २५ ने गुणा. ५ बाय ७ चं बाथरूम ३५ चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ८७५ ल्युमेन. चांगला एलईडी दर वॅटला १०० च्या आसपास ल्युमेन देतो, तेव्हा ९ वॅटमध्ये काम झालं. टाइल्स गडद असतील, हल्ली राखाडी आणि काळ्या टाइल्सची चलती आहे, तर दीडपट धरा. गडद भिंत उजेड परत फेकत नाही, गिळते. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तरी दीडपटच धरा.

इथे दोन उलट चुका होतात. एक, बचत करायची म्हणून ३ वॅटचा दिवा लावायचा आणि मग अंधार वाटतो म्हणून आणखी दोन जोडायचे. दुसरी, मोठ्या वॅटचा एकच दिवा छताच्या मध्यभागी ठोकायचा. त्याने फरशी लख्ख होते, चेहरा मात्र सावलीतच राहतो. त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

## पायरी ४: आरशासमोरचा दिवा वेगळा धरा

आरशासमोर उभं राहा. छतावरचा दिवा तुमच्या डोक्याच्या मागे असेल तर उजेड पाठीवर पडतो आणि चेहऱ्यावर तुमचीच सावली येते. दाढी करताना हनुवटीखाली दिसत नाही म्हणून माणूस मान वाकडी करतो, बेसिनवर ओणवा होतो. मग तो म्हणतो, जास्त वॅटचा लावा. मागचा दिवा कितीही मोठा केला तरी सावली आणखी गडद होण्यापलीकडे काही होत नाही.

उजेड चेहऱ्याच्या पुढून आला पाहिजे. उत्तम म्हणजे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पाच ते साडेपाच फुटांवर, दुधी आवरणाचे दोन लहान दिवे. दोन्ही मिळून ४०० ते ५०० ल्युमेन पुरतात. तेवढी जागा नसेल तर आरशाच्या वर, आरशाच्या रुंदीइतकी लांब पट्टी लावा. ती भिंतीपासून थोडी पुढे आलेली हवी, नाहीतर उजेड कपाळावर पडतो आणि डोळ्यांखाली खड्डे दिसतात.

तपासा, आणि हे चुकवू नका: रात्री बाथरूमचा दिवा बंद करा. घरातल्या कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर पांढऱ्या कागदाची घडी धरायला सांगा. जिथे दिवा लावायचा विचार आहे, बरोबर तिथे तो धरायचा. तुम्ही आरशात बघा. हनुवटीखाली दिसतंय का? डोळ्यांवर चमकतंय का? टॉर्च इंच-दोन इंच वरखाली करून घ्या आणि जागा पटली की पेन्सिलीने खूण करा. टाइलला भोक पाडल्यावर मत बदलून उपयोग नसतो.

वयस्कर माणसांसाठी तिसरा, अगदी लहान दिवा हवा. अर्धा वॅटचा नाइट लॅम्प, कमोडकडे जाणाऱ्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला आणि बाथरूमच्या दाराबाहेर. रात्री दोन वाजता मोठा दिवा लागला की डोळे दिपतात, बंद केला की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी पाय घसरतो. रोज दहा तास चालला तरी हा दिवा वर्षाला दोन युनिटही खात नाही.

## पायरी ५: उजेडाचा रंग

खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास साधा पांढरा, ६५०० निळसर पांढरा. तिन्हींचा वीजखर्च जवळपास सारखाच, तेव्हा बचतीसाठी म्हणून निळसर घेण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे 'व्हाइट द्या' म्हटलं की हातात ६५०० येतो. मी बाथरूमसाठी ४००० सुचवतो. पहाटे डोळ्यांना टोचत नाही आणि टाइलवरचा ओलावा, शेवाळ नीट दिसतं. पावसाळ्यात खिडकीतून पाखरं येत असतील तर ३००० घ्या. निळसर उजेडाकडे ती जास्त येतात.

रंग खरे दिसतात का, हे सीआरआय या आकड्यावरून कळतं. ८० च्या खाली घेऊ नका, आरशासमोर ९० मिळाला तर घ्या. हा शोभेचा प्रश्न नाही. बाळाच्या अंगावरचं पुरळ, थुंकीतलं रक्त, लघवीचा बदललेला रंग माणसाला पहिल्यांदा दिसतो तो बाथरूमच्या दिव्यात. कमी सीआरआयच्या दिव्यात लालसर छटा फिक्या पडतात आणि ते दिसायचं राहून जातं.

## पायरी ६: आता दुकानात जा

नकाशा, मापं आणि बाथरूमचे फोटो बरोबर घ्या. खोकं हातात घेऊन याच क्रमाने वाचा.

आधी ल्युमेन बघा आणि त्याला वॅटने भागा. ९० च्या खाली आलं तर ठेवून द्या. 'साठ वॅटइतका उजेड' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. मग बीईईच्या (ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेच्या) स्टार लेबलवरचे तारे बघा. मग बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्याजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो टाकून तिथेच पडताळता येतो. दुकानदाराला राग येईल म्हणून संकोच करू नका.

त्यानंतर व्होल्टेजची पट्टी. नेहमीचा दाब २३० व्होल्ट असला तरी पावसाळ्यात, विशेषतः शहराच्या कडेच्या वसाहतींत, तो वरखाली होतो. १०० ते ३०० व्होल्ट झेलणारा ड्रायव्हर तिथे जास्त टिकतो. सर्जपासून, म्हणजे दाबाच्या अचानक उसळीपासून, बचावाचा आकडा दिलेला असेल तर दोन दिव्यांत ज्याचा जास्त, तो घ्या.

शेवटी दिवा लावून दाखवायला सांगा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून दिव्यावर धरा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण डोकं दुखतं. दोन-तीन दिवे शेजारी लावून बघितले की फरक लगेच कळतो.

आता अख्खा दिवा घ्यायचा की होल्डर असलेलं फिटिंग? अख्ख्या दिव्यात एलईडी आणि ड्रायव्हर एकत्र असतात. दिसायला छान, पण ड्रायव्हर गेला की सगळंच फेकायचं, आणि छतातल्या तेवढ्याच भोकात (कटआउटमध्ये) बसणारा दिवा पुन्हा मिळेलच असं नाही. होल्डर असलेल्या बल्कहेडमध्ये बल्ब गेला तर दोन मिनिटांत बदलतो. भाड्याच्या घरात आणि मुलं पुण्या-मुंबईला असलेल्या आई-वडिलांच्या घरात मी नेहमी होल्डरवालंच लावतो. घरचा बल्ब पिनेचा आहे की आट्यांचा, ते आधी बघून जा.

सावधान: बंद फिटिंगमध्ये उष्णता अडकते आणि उष्णतेने ड्रायव्हर आधी जातो. फिटिंगवर जास्तीत जास्त किती वॅट चालतात ते लिहिलेलं असतं, ते ओलांडू नका. लहान गोल बल्कहेडमध्ये ९ वॅटच्या वर जाऊ नका. उजेड कमी पडत असेल तर दुसरा दिवा लावा.

शॉवरच्या कोनाड्यात एलईडी पट्टी हवी असेल तर १२ व्होल्टची, आयपी ६७ ची घ्या आणि तिचा ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी ठेवा. २३० व्होल्टची सणासुदीची रोप लाइट तिथे कोणत्याही परिस्थितीत नको.

## पायरी ७: बटणं ठरवा

बटणं दाराबाहेर. मोठा दिवा, आरशाचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन यांची तीन बटणं वेगळी हवीत. एकाच बटणावर सगळं जोडलं की हात धुवायला आलेला माणूसही तिन्ही चालवतो.

गीझरच्या बटणाला लाल इंडिकेटर जरूर हवा. दिव्याच्या इंडिकेटर असलेल्या बटणाने मात्र कधीकधी एलईडी बंद केल्यावरही मंद जळत राहतो, कारण इंडिकेटरमधून थोडासा प्रवाह जात असतो. साधं बटण लावलं की थांबतं. तरीही थांबलं नाही तर नीट लक्ष द्या: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असू शकतं. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि ओल्या हाताने बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

सेन्सरबद्दल हल्ली फार विचारणा होते. पाहुण्यांचं टॉयलेट किंवा हॉलजवळचं बेसिन, जिथे माणूस दोन मिनिटं थांबतो, तिथे सेन्सर कामाचा आहे. आंघोळीच्या जागी लावू नका. साधा पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा, काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पार्टिशनपलीकडचं माणूस ओळखत नाही. डोळ्यांत साबण, फरशी ओली आणि दिवा बंद, असा प्रसंग ओढवतो. मायक्रोवेव्ह सेन्सर पार्टिशनपलीकडचं ओळखतो, पण तो पातळ दारापलीकडचंही ओळखतो, त्यामुळे पॅसेजमधून कोणी गेलं तरी दिवा लागतो.

## पायरी ८: जोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण तो क्रम पाळतोय का, हे तुम्ही उभं राहून बघा.

१. फरशी पूर्ण कोरडी करा. शिडीच्या पायांखाली कोरडं पोतं घाला.

२. लाइनचा एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या लाइनचा खटका) पाडा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडली की सगळं बंद झालं असं समजून हात घालण्याची चूक फार होते. इन्व्हर्टरवरच्या लाइनमध्ये वीज तशीच राहते.

३. टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून पेटतो का बघा, मग दिव्याच्या तारांवर. बंद पडलेला टेस्टर प्रत्येक तार मेलेली दाखवतो.

४. फिटिंगची बॉडी धातूची असेल तर अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. जुन्या घरात बाथरूमच्या दिव्यापर्यंत अर्थिंग आणलेलंच नसतं. तिथे प्लॅस्टिकच्या बॉडीचं, दुहेरी इन्सुलेशनचं फिटिंग घ्या.

५. तारा कनेक्टरने जोडा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार वाफेत सुटते.

६. केबल फिटिंगमध्ये खालून आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाशी टपकतं, आत जात नाही.

७. भिंतीवरच्या फिटिंगला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची बाजू मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलं की आत साचलेलं पाणी बाहेर पडत नाही.

८. काच बसवण्याआधी रबरी कडी खाचेत पूर्ण बसली आहे का, बोट फिरवून बघा. ही कडी शिडीवरून खाली पडते, शोधायचा कंटाळा येतो आणि तिच्याशिवायच काच आवळली जाते. मग आयपी ६५ चा दिवा साध्या दिव्यासारखाच होतो.

## पायरी ९: पैसे देण्याआधी

वायरमन घरात असतानाच गरम पाण्याचा नळ दहा-पंधरा मिनिटं सोडा, दार लावून वाफ होऊ द्या. वाया घालवू नका, ते पाणी बादल्यांत भरून घ्या. मग सगळे दिवे लावा. काचेच्या आत धुकं दिसतंय का? बटण बंद केल्यावर मंद जळतंय का? आरसीसीबी पडला का? दारातून आणि आरशासमोरून पहिल्यासारखेच दोन फोटो काढा आणि जुन्या फोटोंशेजारी ठेवून बघा. आरशात हनुवटीखाली अजून सावली असेल तर आताच सांगा.

## पायरी १०: नंतरची निगा

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत दिव्याच्या काचेवर पांढरे क्षार जमतात. हळूहळू जमतात म्हणून लक्षात येत नाहीत, पण बराच उजेड तिथेच अडतो. दोन-तीन महिन्यांनी दिवा बंद करून, गार झाल्यावर, लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पातळ पाण्यात फडकं पिळून पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. टाइल्स घासायचं ॲसिड दिव्याला लावू नका. प्लॅस्टिक पिवळं पडतं, स्क्रू गंजतात आणि पुढच्या वेळी काच उघडत नाही.

काढलेली ट्यूब आणि सीएफएल यांत पारा असतो. फोडू नका. कागदात गुंडाळून वेगळं ठेवा, ई-कचरा म्हणून द्या, घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. फुटलंच तर खिडकी उघडून सगळ्यांना थोडा वेळ बाहेर काढा आणि मग तुकडे जाड कागदाने गोळा करा. झाडू मारू नका, हात लावू नका.

बल्ब बसवायच्या आधी त्याच्या मानेवर मार्करने तारीख लिहा. बिलाची शाई उडते, म्हणून त्याचा आणि खोक्याच्या चारी बाजूंचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत दिवा गेला तर दुकानदार खोकं आणि तारीख या दोनच गोष्टी विचारतो.